सतरा नंबरचं पान

अक्षराला हसू नका. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. ऱ्हस्व कुठं, दीर्घ कुठं, मला अजून उमगत नाही आणि हाताला वळणही नाही. तरी लिहितेय, कारण तोंडानं हे मला कुणाला सांगता आलेलं नाही. नवऱ्याला नाही, शिराळ्याच्या बहिणीलाही नाही. सहा वर्षं झाली.

आधी रुईचं सांगते. ते सोपं आहे.

साताऱ्यात मी एका बाईंकडं धुणंभांडी करते. त्या शाळेत शास्त्र शिकवायच्या, आता घरी असतात. त्यांच्या परसात रुई आहे, मुद्दाम लावलेली. तीन झाडं तेलाच्या डब्यांत, सहा भिंतीकडेला. घराजवळ रुई नसावी म्हणून शेजारणी नाकं मुरडायच्या. पण मागच्या माळावर प्लॉट पडले, जेसीबीनं सगळी रुई उपटली, तेव्हा बाई म्हणाल्या, आता त्या फुलपाखरांनी अंडी घालायची कुठं? नारिंगी फुलपाखरं, पंखाची टोकं काळी. बाई त्यांना बिबळ्या कडवा म्हणतात. त्यांच्या अळ्या रुईसारख्या चिकाच्या झाडांवरच वाढतात. अमेरिकेत याचा एक भाऊबंद आहे, मोनार्क, त्याच्यासाठी तिथले लोक दारात अशीच झाडं लावतात, असं त्या सांगायच्या. मला त्यातलं किती कळायचं? पण पट्ट्यापट्ट्यांची अळी पान खाताना बघत मी खरकटी भांडी तशीच ठेवून उभी राहायची.

आता आक्कांचं.

आमच्या पेठेतल्या मारुतीच्या पायरीवर आक्का बसायच्या. विधवा बाई, तोंडानं फटकळ. शनिवारी रुईच्या पानांच्या माळा विकायच्या, प्रत्येक पानावर शेंदरानं राम लिहून. पानं मी माळावरून तोडून त्यांच्या खोलीवर नेऊन द्यायची. एका पावसाळ्यात माझा गॅस संपला, तर मी मागितले म्हणून त्यांनी पुढच्या पानांचे पाचशे रुपये आधीच दिले. ते खर्चून झाले आणि मग माळ गेला.

पुढं चैत्रात हनुमान जयंतीला आक्कांना एकशेआठ पानं हवी होती. कॅनॉलच्या कडेला रुई होती. चालत तासभर. मी गेले नाही. ऊन होतं म्हणून गेले नाही — एवढंच. दुसरं काही कारण असतं तर लिहिलं असतं.

बाई तेव्हा आठ दिवस सांगलीला बहिणीकडं गेल्या होत्या. जाताना त्यांनी मला पानं उलटी करून दाखवली. मागच्या बाजूला एकेक अंडं, मोहरीपेक्षा बारीक, आणि शेजारी लाल मार्करनं नंबर. म्हणाल्या, "शालन, नंबराचं पान कुणाला तोडू द्यायचं नाही. तुझ्यावर सोडून चाललेय."

मी आधी बिननंबराची तोडली. ज्यांवर अळ्या होत्या ती झटकली. अळ्या फरशीवर पडल्या, परत भिंतीकडं सरकत होत्या. मी त्या झाडूनं गटारीत लोटल्या. तरी पानं वीसेक कमी पडली. मग नंबराची तोडली. मनात काय होतं सांगू? राम पानाच्या पुढच्या बाजूला लिहितात. मारुतीच्या गळ्यातलं पान उलटं करून कोण बघतंय?

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. उघडी झाडं बघून त्यांनी एकेक फांदी हातात घेऊन तपासली. मी म्हणाले, कुणीतरी भिंतीवरून हात घातला असणार. हे पहिलं खोटं. मग त्या म्हणाल्या, चल, देवाला जाऊन येऊ. नारळाची पिशवी घेऊन मी मागं. गुरवानं आदल्या दिवशीच्या माळेतलं एक पान प्रसाद म्हणून बाईंच्या हातावर ठेवलं.

त्यांनी ते उलटं केलं. सतरा. आकडा त्यांच्याच हाताचा.

पायरीवर येऊन त्यांनी आक्कांना विचारलं, "ही पानं कुठली?"

"आवं बाई, मला काय इचारताय? हिनंच आणून दिली की. हुबी हाय बगा तुमच्या मागं."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "मी न्हाई दिली."

आक्का आधी हसल्या. त्यांना थट्टाच वाटली. "आगं भवाने, मारुतीम्होरं हायस. वर बग की माज्याकडं!"

मी खाली बघितलं. पण मी तर नेहमीच खाली बघते — दुकानात, लग्नात, नवऱ्याशी बोलतानासुद्धा. गुरव म्हणाला, "काय आक्का, ती बिचारी कवा कुनाशी बोलत न्हाई, ती खोटं बोलंल व्हय?" माणसं जमली होती, त्यांनी माना हलवल्या. लाजरी बाई खोटं बोलत नाही, असं सगळ्यांना वाटतं. त्यांना तसं वाटतंय हे मला त्याच क्षणी कळलं होतं. कळूनच मी मान वर केली नाही.

बाई आक्कांना एवढंच म्हणाल्या, "देवाचं नाव घेऊन दुसऱ्याच्या परसात शिरायचं?" आक्कांनी उरलेल्या माळा गोळा केल्या आणि पायरी उतरल्या. पुढच्या शनिवारी देवळाच्या लोकांनी त्यांना पायरीवर बसू दिलं नाही. बावीस वर्षं त्या तिथं बसत होत्या. दोन महिन्यांनी खोली सोडून लोणंदला लेकीकडं गेल्या.

रुईचं काय, ती पावसात परत फुटली. फुलपाखरंही आली. बाईंनी मला घराची किल्ली दिली. कुणी पाहुणे आले की परसात नेऊन सांगतात, ही झाडं आमच्या शालननं राखली. मी पदर सारखा करते. पाहुण्यांना तो विनय वाटतो.

गेल्या महिन्यात मी लोणंदला गेले. आक्का लेकीच्या दारात शेंगा फोडत होत्या. मला बघून हात थांबला, मग परत चालू झाला. मी पाचशे रुपये पुढं ठेवले.

"बाईस्नी सांगितलंस?"

"न्हाई."

त्यांनी आणखी दोन शेंगा फोडल्या. मग म्हणाल्या, "येकशेआठ पानं दिली हुतीस. त्येचं वजा कर. फुकटचं मला नगं."

"ती पानं माझी नव्हती, आक्का."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. या खेपेला मी खाली बघितलं नाही. त्यांनी नोटा उचलल्या, थुंकी लावून दोनदा मोजल्या आणि पुरे पाचशे कनवटीला लावले.