शालूचा करंडा

शालूच्या मुलीचा, मृणालचा फोन सकाळी आला तेव्हा मी चहा गाळत होते. "मावशी, आई गेली... आप आ जाओ ना." ग्वाल्हेरच्या दाना ओलीत, आमच्या गल्लीत, शालूच्या आणि माझ्या दारांत चार पावलांचं अंतर. त्या दिवशी तीही टाकवेनात. सव्वा महिना झाला, अजून त्या दाराकडे पाहिलं की मला स्वतःचा राग येतो.

शालू ब्लाउज शिवायची. आमच्या लश्कर भागातल्या निम्म्या मराठी बायकांची मापं तिच्या वहीत आणि गुपितं तिच्या पोटात. स्वतःचं गुपित मात्र तिनं कुंकवाच्या करंड्यात ठेवलं होतं. नवऱ्याकडून तिला एचआयव्ही आला होता. तो गेला तेव्हा आम्हांला न्यूमोनिया सांगण्यात आला. दर महिन्याला "बहिणीकडे" म्हणून ती झाशीला जायची, ती गोळ्या आणायला. विधवेच्या करंड्याला कोण हात लावणार, असा तिचा होरा. तो बरोबरच होता... मी मध्ये कडमडेपर्यंत.

एका संक्रांतीला माझ्या अंगात सुधारणा संचारली होती. शालूलाही कुंकू लावायचंच, तेही तिच्याच करंड्यातलं, असा हट्ट धरून मी तिच्याकडे गेले. "अगं थांब" म्हणत ती मशीनवरून उठेपर्यंत मी झाकण काढलं होतं. आत गोळ्या, आणि झाशीच्या डॉक्टरांची सहा महिन्यांपूर्वीची चिठ्ठी: एचआयव्ही, गर्भाशयाच्या मुखाशी कर्करोगापूर्वीचे बदल, उपचार लवकर करून घ्यावेत. मी ती वाचली. मी वाचली हे तिनं पाहिलं. मी झाकण लावलं, तिळगूळ ठेवला आणि घरी आले.

पुढे तीन वर्षं आम्ही रोज बोललो, भाजीबद्दल, मृणालच्या नोकरीबद्दल. मी रोज तिचा चेहरा निरखायची, वाळली का, दमली का, आणि विचारायची फक्त, "चहा घेतेस?" याला मी सभ्यपणा म्हणत होते. खरं तर मी भ्याले होते.

रक्तस्राव सुरू झाला तेव्हा मीच तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाईंनी समजावलं, हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो तो एचपीव्ही विषाणू बहुतेकींच्या शरीरातून आपोआप निघून जातो. एचआयव्ही असला की तो ठाण मांडून बसण्याची भीती जास्त, म्हणून वेळोवेळी तपासणी करायची. चिठ्ठी मिळाली तेव्हाच आली असती तर छोट्याशा उपचारानं बहुधा भागलं असतं. आता कर्करोग पसरला होता. एचआयव्हीची एकही गोळी न चुकवणारी शालू त्या उपचाराला गेलीच नव्हती. झाशीहून तिला ग्वाल्हेरच्या रुग्णालयातल्या ज्या विभागात पाठवलं, तिथली नर्स आपल्याच मराठी मंडळातली, शालूकडेच ब्लाउज शिवणारी. झाशीला मात्र शालू "झाला उपचार" म्हणून सांगत राहिली.

परतताना रिक्षात मी विचारलं, "मला तरी का नाही बोललीस?"

"तू विचारशील म्हणून वाट पाहिली," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

शेवटच्या दिवसांत तिनं करंडा माझ्या हातात दिला. "तू लिहितेसच. माझ्यावर लिहिशील ना, तर आजाराचं नाव घालून लिही. न्यूमोनिया नको." मृणालचाही होकार आहे, म्हणून लिहिते आहे.

करंडा माझ्या टेबलावर असतो, झाकण न लावता. त्यात माझ्या तपासणीच्या तारखेची चिठ्ठी आहे. परवा मृणाल आली, तिनं ती उचलून वाचली आणि लगेच विचारलं, "मावशी, कब जाना है? मी येते सोबत."

तिला विचारायला क्षणही लागला नाही. मला तीन वर्षं लागली होती.