थकलेल्यांसाठी ठेवलेली खुर्ची

माझे मिस्टर सुवार्तिक, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचारक आहेत. चौदा वर्षं जव्हारकडच्या पाड्यांवर सेवा करतात आणि गेल्या वर्षापर्यंत महिन्यातून दोनच दिवस घरी यायचे. चारकोपचं घर, सासूबाईंचं दुखणं आणि माझं पोळी-भाजी केंद्र, सगळं माझ्यावर. एका शेगडीवर सुरू केलेलं केंद्र तीन बायकांना पगार देण्याइतकं वाढवलं, ते काही गोड बोलून नव्हे. गिरणीवाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांशी मी भांडते आणि बहुतेक वेळा जिंकते. मिस्टरांशी मात्र कधी जिंकले नव्हते, कारण त्यांच्या बाजूने देव असतो.

गेल्या वर्षी सासूबाई न्हाणीघरात पडल्या. मी एकटीने त्यांना दवाखान्यात नेलं. मिस्टर चौथ्या दिवशी आले. ते मी विसरले नव्हते.

त्यानंतर महिन्याभराने मरोळला एका शाळेच्या हॉलमध्ये मिस्टरांसारख्या सेवकांचं संमेलन भरलं, दमलेल्यांना नवी उभारी मिळावी म्हणून. साठ माणसांचा स्वयंपाक अर्थात माझ्याकडे. मी ठरवूनच गेले होते: मिस्टरांना सांगायचं, महिन्यातले पंधरा दिवस घरी राहा, नाहीतर तुमच्या आईला घेऊन मी पाड्यावर येते.

आमच्यात एक रीत आहे. मधोमध खुर्ची ठेवतात. जो खचला असेल त्याने तिच्यावर बसायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. चूक एवढीच झाली, की संमेलन चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी त्याआधी सगळ्यांच्या साक्षी घेतल्या. कुणाच्या पाड्यावर नवं प्रार्थनाघर झालं, कुणाच्या प्रार्थनेने ताप उतरला. सकाळी चहा घेताना ज्याने मला "ताई, आता नाही होत" असं सांगितलं होतं, त्यानेही उठून प्रभूच्या कृपेने सगळं उत्तम असल्याचं सांगितलं. एवढं ऐकल्यावर खुर्चीवर बसणार कोण?

पाळकसाहेबांनी तीनदा विचारलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. पहाटेपासून उभीच होते. सरळ चालत गेले आणि बसले.

"ताई, ही खुर्ची सेवकांसाठी आहे," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

"मग या ना कोणीतरी. मी उठते."

कोणी हललं नाही.

"अगं, हात तरी धुऊन ये," मिस्टर पुटपुटले.

"कणकेचे आहेत. मघाशी नाश्त्याला चालले की."

दोघं-तिघं हसले. मग नंदुरबारकडे दवाखाना चालवणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई उठल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बोल पोरी. काय झालंय?"

जे एकट्या मिस्टरांना सांगायचं होतं, ते मी साठ जणांसमोर बोलून बसले. सासूबाईंचं पडणं, ते चार दिवस, सगळं. "तुम्ही म्हणता, सेवकाचं कुटुंब प्रभू सांभाळतो," मी म्हटलं. "आमच्या घरी ते मी सांभाळते. मला कोणी विचारलंय कधी?"

बाईंनी समजूत घातली नाही. "प्रभू, ही दमली आहे. आम्ही हिला विचारलं नाही. हिला झोप लागू दे." एवढीच प्रार्थना. मग बाकीच्यांचे हात आले. मिस्टरांचा सगळ्यात शेवटी.

मी उठले तसा सकाळी चहा घेताना माझ्याशी बोललेला तो सेवक येऊन बसला, आणि बसल्या बसल्या रडला. त्याच्यामागे आणखी एक. जेवण दोन तास लांबलं. वरण पुन्हा गरम करताना माझा संताप झाला, पण बाहेर जाऊन कुणाला उठवलं नाही.

दुपारी मी पातेली घासत होते, तेव्हा मिस्टर शेजारी येऊन बसले.

"सहा दिवस येईन."

"पंधरा."

"तिथल्या मुलांचा अभ्यास कोण घेणार? आठ."

"बारा. आई तुमची आहे."

त्यांनी एक घासलेलं पातेलं विसळायला घेतलं. "दहा," म्हणाले.

भाजीवाला असता तर आणखी एक-दोन ओढले असते. पण अंगात त्राण नव्हतं. मी हो म्हटलं.

दहाचे कधी आठ होतात, मग आमचं भांडण होतं. पण सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा आता त्यांना पाठ आहेत, आणि ते घरी असले की मी दुपारी तासभर आडवी होते. झोप मात्र रोज लागतेच असं नाही.