घरगुती परवान्याचा रेडिओ

परवा मोबाइलवर क्रिकेटचा सामना लावला, तर पाटी आली: ‘हा सामना तुमच्या भागात दिसणार नाही.’ मला अकोल्याच्या जुन्या शहरातली आमची खिडकी आठवली.

साठ सालाच्या आसपास रेडिओला पोस्टातून परवाना घ्यावा लागे. आमचा घरगुती होता, म्हणजे ऐकायचं ते घरच्यांनीच. तरी कॉमेंट्री लागली की अर्धी गल्ली खिडकीखाली जमायची. एका कसोटीत, पोस्टातच नोकरीला असलेल्या बाबांनी ऐन रंगात खिडकी लावून घेतली. “नियम हाय. बाहेरच्यांले ऐकवता येत नाही.”

आईनं पिठाच्या हातानंच दार उघडलं. “मंग आत या सारे. आत आले का घरचेच.”

सगळे आले. नुकतेच बौद्ध झालेले, गिरणीत कामाला जाणारे शामराव मात्र उंबऱ्याबाहेरच थांबले.

“तुमी काहून थांबले, भाऊ?” म्हणत आईनं सतरंजी सरकवली. ते बसले. खोलीत तापलेल्या रेडिओचा वास भरला होता.

तेव्हा वाटलं, बाबा हरले. आता वाटतं, खिडकी उघडी होती तोवर शामरावांना आत बोलवायची आम्हाला कधी गरजच पडली नव्हती.