एकोणपन्नासची जागा

हुबळीतल्या उणकल भागातल्या या फ्लॅटमध्ये मुलाकडे येऊन तीन वर्षं झाली. दुसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे गेलेले. खाली उतरायचं तर दोघांनी धरावं लागतं. त्यामुळे दोन्ही वेळा स्वयंपाकाला येणाऱ्या बाईपासून मला पळताही येत नाही. जुन्या हुबळीतल्या मराठी शाळेत मी शिक्षक असताना ती माझ्या दुसरीच्या वर्गात होती. पहिल्याच दिवशी तिने ओळखलं, पाया पडली. मी ओळख पटत नसल्यासारखं केलं.

त्या वर्षी तपासणीला साहेब आले होते. मी संख्या सांगायची, मुलांनी चढत्या क्रमाने ओळीत उभं राहायचं. तिला मी एकोणपन्नास दिली. ती पन्नासच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. वर्ग हसला. मी फळ्यावर ४९ लिहिलं, तशी ती झटकन पन्नासच्या अलीकडे आली. म्हणाली, "हे होय! नलवत्तोंबत्तु!"

शेजारच्या फुलवाल्या अक्कांजवळ बसून ती कानडीत मोजायला शिकली होती. कानडीत चाळीस आणि नऊ असं सरळ म्हणतात. आपल्या शब्दात ऐकू येतं ते पन्नास. पोरीला लहानमोठं कळत होतं. एकोण म्हणजे एक उणा, हे मीच वर्गाला कधी सांगितलं नव्हतं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "जरा मंद आहे, साहेब." मग तेच खरं करायला प्रगतिपुस्तकात लिहिलं, 'संख्याज्ञान नाही', आणि तिला दुसरीतच ठेवलं.

तिचे अप्पा आले. "डोकंच नाही तर बसवून काय करायचं, गुरुजी?" तिला येतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी तिला शाळेतून काढलं.

गेल्या आठवड्यात नात वही घेऊन आली. "आजोबा, एकोणसाठ साठच्या नंतर ना?"

मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज आला, "नाही गं बाळा, साठाला एक उणा! पण गुरुजींनाच विचार हं. मी आपली दुसरी नापास."

नात खेळायला गेल्यावर मी तिला हाक मारली आणि सगळं सांगितलं. पिठाचे हात तसेच धरून ती ऐकत होती.

"म्हणजे मला येत होतं?"

"येत होतं."

"आणि तुम्हाला ते तेव्हाच ठाऊक होतं?"

"हो."

"अप्पा शेवटपर्यंत मला दगड म्हणायचे, गुरुजी." तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तरी ती हलली नाही. "तेव्हा लिहिलं होतंत ना? आता हेही लिहून द्या. माझ्या मुलीला दाखवते."

म्हणून हे लिहिलं. शेवटी प्रगतिपुस्तकात लिहितात तसं लिहिलं आहे: संख्याज्ञान उत्तम होते, चूक शिक्षकाची. खाली सही केली आहे. सकाळी ती येईल तेव्हा हा कागद ओट्यावर असेल. वाचून ती काय म्हणेल, माहीत नाही. मी इथेच असेन. जाणार कुठे?