तीन एप्रिल म्हणजे पाऊण

आमची सून शाळेत परीक्षेचं काम बघते. लोकांना वाटतं पेपर वाटायचे, घंटा वाजवायची, संपलं. मलाही तसंच वाटायचं. मी दुसरीतून शाळा सोडलेली, मला परीक्षेतलं काय कळणार! पण एका वर्षी तिने आमच्या जेवणाच्या टेबलावरच परीक्षा मांडली.

नववीत एक मुलगी होती, जन्मापासून न दिसणारी. वाद घालण्यात पटाईत, म्हणून सगळे तिला वकील म्हणायचे. तिला कोणीतरी पेपर वाचून दाखवायचं आणि ती सांगेल ते लिहायचं, अशी रीत. सहामाहीला गणिताचा एक प्रश्न तिने चौथ्यांदा वाचायला सांगितला, तर वाचणारी बाई उसासा टाकून म्हणाली, "अगं, किती वेळा?" वकिलाने पुढचे प्रश्न एकेकदाच ऐकून सोडवले, आणि हातातले मार्क घालवले.

"मॅडम, वार्षिक परीक्षेला मला माणूस नको," ती सुनेला म्हणाली. "मशीन उसासे टाकत नाही."

सुनेने बोलणारे दोन संगणक वापरून बघायला मागवले. एकाचा आवाज असा गोड, की मुख्याध्यापक ऐकताक्षणी विरघळले. दुसऱ्याचा सर्दी झालेल्या कारकुनासारखा. सोमवारी एक ठरवायचा होता. मुख्याध्यापकांचं मनात ठरलेलंच होतं.

रविवारी सुनेने डोळ्यांना रुमाल बांधला आणि जुना गणिताचा पेपर सोडवायला बसली. टेबलभर वायरी.

"आज ताट मांडीवर घ्यायचं का?" माझ्या मुलाने विचारलं.

"मांडीवर. आणि मुकाट्याने," ती म्हणाली.

मी शेजारी भाजी निवडत होते. गोड आवाज म्हणाला, "टाकीचा तीन एप्रिल भाग पाण्याने भरला आहे."

"अगं, टाकी कधी भरली ते कोणी विचारलंय?" मी म्हटलं.

सुनेने रुमाल वर सरकवला, पडद्याकडे बघितलं आणि हसत सुटली. "आई, तीन, तिरकी रेघ, चार! हिला ती तारीख वाटली."

"म्हणजे पाऊण. मग पाऊण म्हणायला काय जीभ झडते मेलीची?"

सर्दीवाल्याने तेच "तीन छेद चार" असं सरळ सांगितलं. दुसरी कोणी असती तर तेवढ्यावर उठली असती. आमची सून संध्याकाळपर्यंत बसली. दोघांच्या चुका वेगवेगळ्या कागदांवर लिहिल्या. सर्दीवाल्याच्याही लिहिल्या हो, पक्षपात नाही. गोडबाईंचा कागद पाठपोट भरला.

सोमवारी मुख्याध्यापक म्हणाले, "किरकोळ आहे मॅडम. मुलीला समजेल अंदाजाने."

"सर, मी गणित शिकलेली. डोळे बांधल्यावर मलाच नाही समजलं. आणि पेपर तिचा आहे. तिला विचारू या."

वकिलाला बोलावलं. तिने आधी दोन्ही आवाजांचा वेग तिप्पट केला. तो आवाज सुनेने मला घरी येऊन करून दाखवला; डबीत माशी कोंडल्यासारखा. त्या पोरीला मात्र शब्द न् शब्द कळत होता. त्या वेगात गोडबाई अडखळल्या आणि उणे सातचं नुसतं सात करून मोकळ्या झाल्या.

"सर," वकील म्हणाली, "ही बोलते गोड, पण उणे गिळते. उद्या मार्क कापताना माझे कापणार की हिचे?"

मुख्याध्यापक आधी खोकले, मग हसले, मग त्यांनी सर्दीवाला घ्यायच्या अर्जावर सही केली.

पुढे महिनाभर सून शाळा सुटल्यावर तासभर थांबायची. वकील ऐकायची, उत्तरं संगणकावर लिहायची, ही बाजूला वह्या तपासायची. मध्ये बोलायचं नाही, असा वकिलाचाच नियम. माझ्याशी दोन मिनिटं गप्प न बसणारी आमची सून तिथे तासभर तोंड मिटून बसायची, यावर माझा अजून विश्वास नाही.

गणिताच्या दिवशी सून वर्गाबाहेर उभी. डबा तसाच परत आला. वेळ संपायला दहा मिनिटं असताना दार उघडून वकील बाहेर आली, एकटी, भिंतीला हात लावत.

"कसा गेला गं?" सुनेने विचारलं.

"चौदावा प्रश्न अकरा वेळा ऐकला, मॅडम. प्रश्नच भिकार होता. काढला कोणी तो? तक्रार कुठे करायची?"

सून घरी आली ती चपलांसकट माझ्यासमोर बसून हेच सांगत राहिली. इतकी वर्षं ती पोर वाचणाऱ्यावर नाहीतर स्वतःवर चिडायची, आज पेपर काढणाऱ्यावर चिडली, बाकीची पोरं चिडतात तशी!

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हटलं, तक्रारीचा अर्ज असतो. चल, भरू या."