उडदाच्या वाटणात हात

शेजारच्या गच्चीवर कोहळ्याच्या बड्यांसाठी, म्हणजे सांडग्यांसाठी, उडदाची डाळ वाटली की तो कच्चा वास खिडकीतून आत येतो, अन् आमची पोट्टी कॉलेजात नवीन होती तो हिवाळा मले आठवतो. ती एकदा नापास झाली होती आणि मी सांगून ठेवलं होतं, पुन्हा झाली तर कॉलेज बंद. दिवसभर पुस्तक धरून बसायची, पण डोक्यात काही राहत नव्हतं. त्या सकाळी तिच्या आईनं तिले गुढियारी मोहल्ल्यातल्या आमच्या गच्चीवर बड्या टाकायले बसवलं. पोट्टी कुरकुरली, "मम्मी, मेरा परसों पेपर है." आई म्हणाली, "हात मले दे, तोंड रिकामंच हाय. काय वाचलं ते सांग." पोट्टी थोडं बोलली अन् अडकली. पुस्तक घ्यायले उठली, तर हात वाटणानं भरलेले. आई म्हणाली, "हात धुतले तर तुलेच बडीसारखी वाळत घालीन. पयले येते तेवढं सांग." मग ती आठवून आठवून सांगत गेली, आई 'काहून, काहून' विचारत राहिली, समजत तर तिलेही नव्हतं. काम झाल्यावर पोट्टीनं जिथं अडलं तेवढंच वाचलं. पुढं रोज तसंच, कधी मटर सोलत, कधी तांदूळ निवडत, अन् ती पास झाली. आता शहरातच तेलीबांध्याले नोकरी करते. बायको यंदा गेली. मी थकून बसल्या बसल्या तिचं बोलणं आठवत राहतो, पण अडकलो की उघडून पाहायले काही नाही.