हसत मारलेले राक्षस

दहावीच्या सुट्टीत निफाडची मावसबहीण नाशिकला आमच्याकडे आली आणि आम्ही दोघी एका जपानी भयकथेच्या गेमचा दुसरा भाग खेळायला बसलो. पहिल्या भागात आम्ही पावलोपावली मरायचो. हा भाग दिसायला फार देखणा होता, राक्षसांची ओली कातडीसुद्धा चमकायची, पण लढाया अगदीच सोप्या.

“याच्यात काय दम नाय,” बहीण म्हणाली. इंग्रजी संवाद वाचायचा कंटाळा, म्हणून ते पुढे ढकलत आम्ही समोर येईल त्याला हसत गोळ्या घातल्या.

चौथ्या दुपारी शेवट आला. पडद्यावर गेममधल्या गावातल्या माणसांचे फोटो येऊ लागले. चष्मेवाले मास्तर, गणवेशातली मुलगी. प्रत्येक चेहरा बदलत बदलत आम्ही मारलेला एकेक राक्षस होत होता. ती आजारी माणसं होती. म्हणूनच ती धड वारही करत नव्हती.

बहिणीने कंट्रोलर खाली ठेवला. “आपण हसत होतो गं,” एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डिक्शनरी घेऊन, प्रत्येक वाक्य वाचत आम्ही पहिल्यापासून खेळलो. गणवेशातली ती मुलगी राक्षस होऊन समोर आली तेव्हा दोघींपैकी कुणालाच गोळी झाडवेना. गेम तिथेच बंद केला.